साइझिंग झाल्यावर पुंगळीवरचं ल्यूब नीट काढा

रीलोडिंग करणारे, म्हणजे वापरलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी परत भरणारे लोक भेटले की पावडर (दारू) किती ग्रेन (वजनाचं माप), बुलेट कुठली, ग्रुप किती आला (गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ लागल्या) यावर तासन् तास बोलतात, पण साइझिंग डायमधून (पुंगळी परत मापात आणणाऱ्या साच्यातून) पुंगळी बाहेर आल्यावर तिच्या अंगावर ल्यूबचा, म्हणजे वंगणाचा, जो चिकटपणा राहतो त्याचं काय करता असं विचारलं तर उत्तर एका वाक्यात संपतं, "फडक्याने पुसतो की". आणि काही जण तर तेही करत नाहीत, म्हणतात उलट बरंय, चेंबरमधून (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) सुळकन बाहेर येते. हे ऐकलं की मला राहवत नाही म्हणून आज यावरच सविस्तर लिहितोय. आधी एक गोष्ट, हे सगळं जिथे घरी काडतूस भरायला कायद्याने परवानगी आहे आणि ज्याच्याकडे रीतसर लायसन्स आहे त्याच्यासाठीच. आणि लोड किती भरायचा हे नेहमी छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, इथे फक्त साफसफाईबद्दल बोलतोय.

ल्यूब मुळात लागतं कशाला हे थोडक्यात. एकदा फायर झालेली पुंगळी चेंबरच्या मापाएवढी फुगलेली असते, तिला परत मूळ मापाच्या जवळ आणायला स्टीलच्या डायमध्ये दाबावं लागतं, आणि कोरडं पितळ स्टीलवर घासलं की ते चिकटतं, मग पुंगळी डायमध्ये अडकून बसते आणि ओढायला जावं तर रिम (बुडाची कड) फाटून हातात येते. सरळ भिंतीच्या पिस्तूल पुंगळ्यांना कार्बाइड (अतिकठीण धातूच्या) रिंगची डाय असेल तर ल्यूब लागतच नाही, त्यामुळे हा विषय मुख्यतः रायफलच्या बॉटलनेक, म्हणजे बाटलीसारखी अरुंद मान असलेल्या, पुंगळ्यांचा आहे. आणि जास्त लावलं तरी पंचाईत, कारण ग्रीस दाबलं जात नाही, त्याला जायला जागा मिळाली नाही की ते शोल्डरवर (मानेखालच्या उतारावर) खड्डा पाडतं. म्हणजे अगदी पातळ थर हवा, दोन बोटांच्या चिमटीत फिरवून लागेल एवढाच, मानेजवळ त्याहूनही कमी. कमी लावलं तर काढायलाही कमी लागतं हे उघडच आहे.

आता मुख्य मुद्दा. फायर होताना आत जे प्रेशर तयार होतं त्याने पुंगळीच्या भिंती बाहेर फुगतात आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसतात. या पकडीमुळे मागे ढकलणाऱ्या जोराचा काही भाग चेंबरची भिंत घेते, उरलेला बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) येतो. .308 विंचेस्टरचं कमाल प्रेशर 62,000 पीएसआय धरतात. पुंगळीच्या बुडाच्या क्षेत्रफळाने गुणलं, आतला व्यास धरला तर साधारण साडेतीन टन आणि बाहेरचा धरला तर पाच टनांच्या जवळ, एवढा जोर बोल्टच्या दिशेने येऊ शकतो, ढोबळ हिशोब आहे पण अंदाज यावा म्हणून दिला. भिंतीवर तेल किंवा ग्रीस असेल तर ती पकड सुटते आणि जवळजवळ सगळा भार बोल्टच्या लग्जवर (त्याला जागेवर अडकवून धरणाऱ्या दातांवर) जातो. चांगली आधुनिक रायफल एका अशा फायरने फुटणार नाही, तिच्यात तेवढं मार्जिन ठेवलेलं असतं. पण ते मार्जिन अडीअडचणीसाठी असतं हो, रोज खर्च करायला नाही, आणि जुन्या किंवा मऊ स्टीलच्या अ‍ॅक्शनमध्ये (बोल्ट आणि त्याच्या घरामध्ये) लग हळूहळू मागे सरकायला लागतात, हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये पुंगळी टेकते ती जागा यातलं अंतर) वाढत जातो, आणि हे डोळ्यांना लवकर दिसत नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मला वाटतो तो ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ टेस्टिंगचा (काडतुसाचं प्रेशर तपासण्याच्या पद्धतीचा). त्यांच्या पद्धतीत प्रेशर मोजायचा तांब्याचा तुकडा पुंगळीच्या बुडामागे असायचा, आणि टेस्ट करताना ते काडतूस मुद्दाम तेलात बुडवून काढायचे. का, तर कोरडी पुंगळी चेंबरला धरून बसते आणि सगळा जोर मागे पोचतच नाही, मग आकडा कमी येतो. म्हणजे ज्यांचं काम मोजमाप करायचं होतं त्यांनी तेलाचा परिणाम इतका पक्का गृहीत धरला होता की पद्धतच त्यावर उभी केली. मग आपण घरी बसून "थोडं राहिलं तर काय होतंय" म्हणणं बरोबर नाही.

यावर हमखास एक प्रश्न येतो की पूर्वी तर मुद्दाम ल्यूब लावलेली काडतुसं वापरायचे. बरोबर आहे, वापरायचे. पेडरसनची .276 ची रायफल मेणाचा पातळ थर दिलेल्या काडतुसांवरच चालायची, श्वार्झलोझ मशीनगनच्या 1907 च्या मॉडेलमध्ये तर आतच तेलाचा पंप होता, इटलीच्या ब्रेडा 30 मध्येही काडतुसाला तेल लावायची सोय होती. पण त्या सगळ्या गन त्या हिशोबानेच डिझाइन केल्या होत्या, प्रेशर असतानाच पुंगळी मागे सरकायला लागायची आणि कोरडी असली तर अडकायची किंवा फाटायची म्हणून. आणि त्याची किंमतही मोजावी लागली, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रेडाच्या तेलावर वाळू चिकटून जे हाल व्हायचे ते प्रसिद्ध आहेत. पुढे इंजिनीअर लोकांनी दुसरा मार्ग काढला, जी3 रायफलच्या चेंबरमध्ये उभ्या खाचा आहेत, त्यातून गॅस पुंगळीच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि ती सुटी राहते, तेलाची गरजच नाही. तुमची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल मात्र कोरड्या पुंगळीसाठी बनवलेली आहे, तिला तेच द्या.

1921 चा अमेरिकेतला किस्सा पण इथे सांगण्यासारखा आहे. तिथल्या नॅशनल मॅचसाठी फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी दारूगोळा कारखान्याने कथिलाचा मुलामा दिलेल्या बुलेटची काडतुसं काढली, कारण बुलेटचं निकेलमिश्रित जॅकेट (वरचं आवरण) बॅरलमध्ये थर सोडायचं आणि तो टाळायला नेमबाज काडतुसाचं टोक ग्रीसमध्ये बुडवून फायर करायचे, ती सवय मोडायची होती. ग्रीस लावू नका असं बजावलंही होतं. तरी काहींनी जुन्या सवयीने लावलं आणि रायफली खराब झाल्या. नंतर कळलं की कथिल पितळेच्या मानेला आतून जणू डाग दिल्यासारखं चिकटून बसलं होतं, आणि बाहेरच्या ग्रीसमुळे मानेला फुगून बुलेट सोडायला जागाही राहत नव्हती. कारणं दोन होती, पण त्यातलं ग्रीस तरी नेमबाजाच्या हातात होतं.

बाहेरचं झालं, आता आतलं. मानेच्या आत एक्सपांडर बॉल (डायमधला मान आतून मापात आणणारा गोळा) सहज जावा म्हणून थोडं ल्यूब लावतात, आणि ते तिथेच राहिलं की पावडर ओतताना दाणे मानेला चिकटतात, कधी गठ्ठा होतो, एखाद्या पुंगळीत चार दाणे वर अडकून राहतात. वर तेलकट ल्यूब महिनोन् महिने पावडरला लागून राहिलं तर पावडर खराब होऊ शकते, आणि प्रायमर पॉकेटमध्ये (ठिणगी देणारी टिकली, म्हणजे प्रायमर, बसते त्या बुडातल्या खळग्यात) उतरलं तर प्रायमरचा भरवसा जातो, हल्लीचे प्रायमर बऱ्यापैकी तेल सोसतात तरी मी त्यावर विसंबून राहणार नाही. शिवाय प्रत्येक मानेत चिकटपणा कमीजास्त असला की बुलेटची पकडही कमीजास्त होते आणि मग टार्गेटवर वरखाली पसरलेला ग्रुप बघून आपण पावडर मापक बदलत बसतो. मी म्हणून मानेच्या आत शक्यतो कोरडंच वापरतो, नायलॉनच्या ब्रशला मायका किंवा ग्रॅफाइटची पूड लावून एकदा आतबाहेर, बस. ते काढावंही लागत नाही.

आता काढायचं कसं. इथे माझं ठाम मत आहे की ल्यूब निवडतानाच ते कशाने निघणार हे ठरवलेलं पाहिजे. लोक ल्यूब एका कारणासाठी घेतात आणि साफ करायची पद्धत दुसऱ्याच कारणासाठी, आणि मग दोन्हींचं जमत नाही. ढोबळमानाने बाजारात तीन जाती आहेत. एक पाण्यात विरघळणारी, ट्यूबमधली पांढरी पेस्ट किंवा पॅडवर ओतायचं लिक्विड असतं त्यातली बरीचशी अशी. दुसरी मेणासारखी, डबीतून बोटाने घ्यायची, इम्पीरियल साइझिंग वॅक्ससारखी. तिसरी लॅनोलिनची, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून स्प्रे करायचा, बरेच जण घरीच साधारण एकास दहा ते बारा या प्रमाणात करतात, आणि फवारल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावं लागतं नाहीतर हमखास अडकते.

पाण्यात विरघळणाऱ्याला गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड पुरतं. मेणाला आणि लॅनोलिनला नुसतं साधं पाणी लावून काही होत नाही, आणि अल्कोहोलने पण मेण नीट विरघळत नाही, ते नुसतं इकडून तिकडे पसरतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही, फडकं ओलं दिसतं म्हणून वाटतं निघालं. त्याला मिनरल टर्पेंटाइन किंवा लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था लागतं. थोड्या पुंगळ्या असतील तर मी नॅफ्थाचे दोनतीन थेंब जुन्या सुती टी-शर्टच्या तुकड्यावर घेतो, पुंगळीचं बूड एका हातात धरायचं, फडक्याने अंग पकडायचं आणि पिळल्यासारखी फिरवायची, मग शोल्डर आणि मान जिथे जुळते त्या कोपऱ्यात नखाने फडकं दाबून एक फेरी, आणि शेवटी एक्स्ट्रॅक्टरची खाच (बुडाजवळची, जिथे रायफल पुंगळी ओढून काढायला पकडते). ही खाच सगळे विसरतात, शेलहोल्डरमधून (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्यातून) निघताना तिथे ल्यूब गोळा होतं आणि ते थेट बोल्टच्या तोंडाला जाऊन लागतं. नॅफ्था वापरताना खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, हिटर नाही, पावडरचा डबा खोलीतच नको, आणि वापरलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात न टाकता बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवायची.

जास्त पुंगळ्या असतील तर टम्बलर (पुंगळ्या घुसळून साफ करणारं यंत्र) आलाच. कोरडा कॉर्नकॉब मीडिया (मक्याच्या कणसाचा भुगा), थोडं मिनरल टर्पेंटाइन टाकून, वीसतीस मिनिटं फिरवलं की मेण आणि लॅनोलिन दोन्ही निघतं. याची कटकट एकच, मोठा दाणा असेल तर तो फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत जाते त्या बुडातल्या भोकात) जाऊन बसतो, म्हणून प्रत्येक पुंगळी उलटी करून ठोकायची आणि भोकातून उजेड दिसतो का बघायचं, किंवा 20/40 मापाच्या दाण्याचा बारीक मीडिया घ्यायचा, तो अडकत नाही. आणि मीडिया जुना झाला की तो ल्यूब शोषायचा थांबतो, उलट बाहेर आलेल्या पुंगळीवर एक मंद धुरकट थर येतो, तेव्हा कंजुषी न करता बदला.

स्टीलच्या पिना आणि पाण्याचं वेट टम्बलिंग हल्ली फार लोकप्रिय झालंय, फोटो तर इतके झकास येतात की नवीन पुंगळ्या वाटाव्यात. मला ते आवडतं पण तीन गोष्टी सांभाळायला लागतात. पहिली, सायट्रिक अ‍ॅसिड चिमूटभरच, पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, अ‍ॅसिड जास्त झालं किंवा पुंगळ्या त्यात उगाच पडून राहिल्या की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर झाक येते. दुसरी, पिना, दोन पिना एकमेकींना अडून मानेत किंवा फ्लॅश होलमध्ये पाचर बसल्यासारख्या बसतात, लोहचुंबक फिरवून झाल्यावरही एकेक पुंगळी डोळ्यांनी तपासायचीच, कारण ती पिन पुढे बॅरलमधून जाणार आहे. तिसरी, मान आतून इतकी कोरडी ठणठणीत होते की बुलेट बसवताना खरखर जाणवते, आधीच्या फायरचा जो कार्बनचा पातळ थर असतो तो खरं तर चांगलं काम करत असतो, तो पूर्ण गेला की परत ग्रॅफाइट लावायला लागतं. म्हणून ल्यूब काढण्यापुरतं वेट टम्बलिंग करायचं असेल तर पिना न टाकता नुसतं गरम पाणी आणि लिक्विड घालून थोडा वेळ फिरवा, पुष्कळ झालं.

पाण्याची पद्धत म्हटली की वाळवणं आलं, आणि इथे मी सगळ्यात कडक आहे. पुंगळीच्या तळाशी, फ्लॅश होलभोवती पाणी पृष्ठताणाने धरून राहतं, बाहेरून पुंगळी खडखडीत कोरडी असते आणि आत एक थेंब असतो. त्या थेंबाने पावडर ओली झाली तर बुलेट बॅरलमध्ये अर्ध्यातच अडकू शकते, आणि ते न कळता पुढचा राऊंड फायर झाला तर बॅरल फुटते, माणूस जायबंदी होतो. म्हणून धुतल्यावर टॉवेलमध्ये झोळीसारखं धरून हलवा, मग तोंड खाली करून उभ्या ठेवा, उन्हात किंवा पंख्याखाली, घाई करू नका. घाई असेलच तर कमी तापमानाचा ड्रायर चालेल पण पाण्याच्या उकळबिंदूच्या खालीच ठेवा. पितळ मऊ पडायला लागतं ते याहून बरंच वर, अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास आणि पुढे, पण बूड मऊ पडलेली पुंगळी धोकादायक असते त्यामुळे गॅस टॉर्च किंवा जास्त आचेचा ओव्हन हा विषयच नको. आणि स्वयंपाकाचा ओव्हन तर अजिबातच नाही, फायर झालेल्या पुंगळ्यांवर प्रायमरमधलं शिसं असतं.

आणखी एक, अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर किंवा ब्रासो टाइप पॉलिश पुंगळीला लावू नका, कितीही चकाकी येत असली तरी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात साठवली की माना तडकायच्या, आणि बराच काळ कुणाला उलगडा होत नव्हता, 1921 मध्ये त्याचं स्पष्टीकरण आलं की घोड्यांच्या लघवीतला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून भेगा पाडल्या होत्या. आपल्या पुंगळीच्या मानेत तर साइझिंगमुळे ताण असतोच, वरून बुलेट दाबून बसवलेली, त्यात अमोनिया कशाला घालायचा.

ल्यूब निघालं की नाही हे कसं ओळखायचं, तर चकाकीवर जाऊ नका, मेणाचा थर असलेली पुंगळी छान चमकते. धुणार असाल तर शेवटच्या स्वच्छ पाण्यातून एक काढून तिरकी धरा, पाणी पूर्ण अंगभर एकसारखं पसरून खाली उतरलं तर स्वच्छ, मध्येच फाटून थेंब थेंब झाले तर तिथे स्निग्धपणा आहे. थेंब बहुतेक वेळा शोल्डरच्या खालच्या कडेला दिसतात. कोरड्या पद्धतीत कोरड्या अंगठ्याने अंगावर दाबून सरकवा, स्वच्छ पितळ अंगठ्याला अडवतं, ल्यूब असलेलं सरकू देतं, दोनचार पुंगळ्यांत हात तयार होतो.

क्रमाबद्दल इतकंच, फायर झालेल्या पुंगळ्या आधी साफ, मग ल्यूब, साइझिंग, लगेच ल्यूब काढणं, आणि मग लांबी मोजणं, ट्रिम (जास्तीची लांबी कापणं), चॅम्फर (तोंडाची धारदार कड घासणं), आणि सगळ्यात शेवटी प्रायमर. ल्यूब असताना ट्रिम केलं की पितळेचा कीस अंगाला आणि आत चिकटतो, आणि हेडस्पेस गेजमध्ये पण मेणाचा थर मापात येतो. प्रायमर बसवल्यावर धुणं किंवा सॉल्व्हंट अजिबात नाही. पूर्ण भरलेली काडतुसं टम्बलरमध्ये टाकून ल्यूब काढणारे आहेत, कारखान्यातही तयार काडतुसं फिरवून पॉलिश करतात असं ते सांगतात, पण कारखान्यात तपासणीची जी साधनं असतात ती आपल्या टेबलावर नाहीत, रिकामी असताना जे काम बिनधोक होतं ते भरल्यावर करायची गरजच काय. भरलेल्या राऊंडवर बोटांचे डाग किंवा थोडा चिकटपणा दिसलाच तर एकेक घेऊन किंचित ओलसर फडक्याने पुसायचा, प्रायमरकडे ओल जाऊ द्यायची नाही.

एवढं सगळं करून काही जण रायफल साफ केल्यावर चेंबरमध्ये तेल तसंच ठेवतात. कोरडी पुंगळी तेलकट चेंबरमध्ये घातली तर परिणाम तोच. फायर करायच्या आधी चेंबरमधून कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) फिरवा, पॅचवर डाग येईनासा होईपर्यंत.

टम्बलर उघडताना मास्क घाला, मीडिया चाळायचं काम घराबाहेर करा, त्या धुळीत शिसं असतं, लहान मुलं आसपास नकोत. काम झाल्यावर हात आधी गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच चहापाणी. वेट टम्बलिंगचं काळं पाणी झाडांना किंवा अंगणात ओतू नका, डब्यात साठवून तुमच्याकडे घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या, नॅफ्थाचा उरलेला गाळही तसाच.